कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुख

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची हकिकत सांगताना चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी पंडित नेहरूंच्या तोंडावर राजीनामा फेकला, हे ते वाक्य. मराठी मनाला ते सुखावते, भाषणात टाळी मिळवते आणि शाळकरी मुलांनाही पाठ असते. मात्र फेकण्याची कृती चिंतामणरावांच्या स्वभावात बसणारी नव्हती. राजीनामा देऊ करणे आणि मंत्रिपदावरून प्रत्यक्ष दूर होणे यांत सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत अर्थखात्याचे कामकाज एक दिवसही खोळंबले नाही. त्यांची उणीपुरी सहा वर्षांची राजकीय कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर त्या एका क्षणापेक्षा हे सहा महिने अधिक बोलके आहेत.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील, महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते, आई भागीरथीबाई. कुटुंब चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले, जमीनजुमला असलेले आणि सार्वजनिक कामाची परंपरा सांगणारे होते. चिंतामणरावांचे बालपण रोह्यात, कुंडलिका नदीच्या काठी गेले. त्या काळी या भागाला रेल्वे नव्हती. पेणजवळच्या धरमतरला जायचे आणि तेथून खाडीमार्गे मुंबई गाठायची, हा अनेकांचा परिपाठ होता. भात आणि मीठ त्याच दिशेने जात असे. घरातला एखादा मुलगा गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत लागला, की तोही त्याच दिशेने जाई आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गावाकडचे घर चाले. मुंबई कोणाची, हा प्रश्न पुढे देशापुढे उभा राहिला तेव्हा पेण-रोह्याच्या माणसाला त्याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागणार नव्हते. ते त्याच्या घरातच होते.

१९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामणराव मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. नंतर ते केंब्रिजला गेले. जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र हे विषय घेऊन १९१७ मध्ये निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस परीक्षा दिली आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकावले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये झालेल्या आयसीएस परीक्षेतही ते पहिले आले. तेव्हा लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. नोकरीत शिरावे की देशकार्यात पडावे, या पेचात असलेल्या या तरुणाला, राज्यकारभाराचा अनुभव उद्याच्या स्वतंत्र देशाला लागणारच आहे, असे सांगून टिळकांनी नोकरी पत्करण्याचा सल्ला दिला, अशी आठवण सांगितली जाते. चिंतामणरावांचे पुढचे सारे आयुष्य हा सल्ला शब्दशः पाळल्यासारखेच गेले.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांनी जिल्ह्याचा कारभार पाहिला, जमीन महसुलाची फेरआकारणी केली, सचिवालयात महसूल आणि अर्थखाते सांभाळले. १९३१ मध्ये लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली तेव्हा तिच्या सचिवालयातही ते होते. गांधीजी ज्या परिषदेत काँग्रेसची बाजू मांडत होते, त्याच परिषदेची कागदपत्रे सांभाळणाऱ्यांत रोह्याचा हा अधिकारी होता. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये उपगव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ पासून बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ मध्ये सरकारने त्यांना ‘सर’ केले.

गव्हर्नरपदाच्या सहा वर्षांवर स्वतंत्र ग्रंथ होईल. येथे दोनच गोष्टी पुरेत. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घालणारी परिषद झाली. भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते. महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानने ब्रिटनला पुरवलेल्या मालाचे आणि सेवेचे पैसे लंडनमध्ये साचत गेले होते आणि युद्ध संपेपर्यंत ही रक्कम सतराशे कोटी रुपयांच्या घरात गेली. जेत्याने जिताचे ऋणको व्हावे, असा तो अजब हिशेब होता. हे येणे बुडू नये म्हणून जी झुंज द्यावी लागली, तीत त्यांचा वाटा होता. दुसरी गोष्ट फाळणीची. देश दुभंगल्यावरही जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकच पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहत होती. एका तिजोरीच्या दोन किल्ल्या सांभाळण्याचे हे काम किती नाजूक असेल, याची कल्पनाच करावी. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी जूनअखेर चिंतामणराव निवृत्त झाले. त्यांच्या इंग्रज पत्नी रोझिना याही त्याच वर्षी निवर्तल्या. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नोकरी आणि संसार, दोन्ही संपल्यासारखे झाले होते.

राजकारण सुरू झाले ते यानंतर, आणि तेही त्यांनी मागून घेतलेले नव्हते. नेहरूंनी त्यांना प्रथम युरोप-अमेरिकेत भारताचे खास आर्थिक प्रतिनिधी म्हणून पाठवले आणि १९५० मध्ये नियोजन आयोगाचे सदस्य केले. आयोगाच्या अधिकारांवरून अर्थमंत्री जॉन मथाई यांचे सरकारशी बिनसले आणि ते बाहेर पडले. त्यांच्या जागी १ जून १९५० रोजी चिंतामणराव आले. ज्या आयोगापायी आधीचा अर्थमंत्री गेला, त्याच आयोगाचा सदस्य नवा अर्थमंत्री झाला. तुरुंगवास, सत्याग्रह, पक्षकार्य यांतले काहीही गाठीशी नसलेला आणि इंग्रजी राजवटीची ‘सर’ ही पदवी मिळालेला माणूस स्वतंत्र भारताच्या मंत्रिमंडळात बसला. जुन्या काँग्रेसजनांना हे फारसे रुचले नसणार, हे सांगायला पुरावा नको.

१९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. मंत्री राहायचे तर लोकांकडून निवडून यायला हवे. काँग्रेसने चिंतामणरावांना त्यांच्या कुलाबा जिल्ह्यातूनच उभे केले. हा जिल्हा सरळ नव्हता. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून चरी भागातील कुळांनी खोतांविरुद्ध वर्षानुवर्षे जमिनी न कसण्याचा संप केला होता, तो याच जिल्ह्यात. स्वातंत्र्यानंतर शेतकरी कामगार पक्षाने येथेच भक्कम पाय रोवले होते. जमीनदार घराण्यातला, आयसीएस झालेला उमेदवार आणि कुळकायद्याच्या आशेवर जगणारा मतदार, असा हा मेळ होता. तरीही कुलाब्याने चिंतामणरावांना लोकसभेत पाठवले. काँग्रेसची लाट होती, नेहरूंचे नाव होते, हे खरेच. त्याबरोबरच आपल्या रोह्याचा मुलगा देशाचा खजिनदार आहे, ही भावनाही कमी नसावी. गव्हर्नराच्या सहीच्या नोटा जिल्ह्याने पाहिल्या होत्या. आता त्या सहीचा धनी मते मागायला आला होता.

याच जिल्ह्याने त्या पिढीत देशाला आणखी एक माणूस दिला. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भाव्यांचा जन्म झाला. चिंतामणराव त्यांच्याहून चार महिन्यांनी लहान. १९५१ मध्ये एक जण तेलंगणात भूमिहीनांसाठी जमीन मागत पायी फिरू लागला आणि दुसरा त्याच वर्षी लोकांकडून कर मागणारा आपला पहिला अर्थसंकल्प संसदेत मांडत होता. मॅगसेसे पुरस्कारही दोघांना लागोपाठच्या वर्षांत मिळाला, विनोबांना १९५८ मध्ये आणि चिंतामणरावांना १९५९ मध्ये. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांच्या वाट्याला असा योग क्वचितच येतो.

अर्थमंत्री म्हणून चिंतामणरावांनी हंगामी धरून सात अर्थसंकल्प मांडले. धान्याची टंचाई, फाळणीतून आलेले निर्वासित, कोरियन युद्धाने वरखाली होणाऱ्या किमती, अशा दिवसांत त्यांनी हात आखडता ठेवून कारभार केला. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा २,०६९ कोटी रुपयांचा आराखडा त्यांच्याच कारकिर्दीत पार पडला आणि राष्ट्रीय उत्पन्न अपेक्षेपेक्षा अधिक वाढले. पावसाने साथ दिली, असे टीकाकार म्हणत आणि त्यात तथ्यही होते. १९५३ मध्ये मृतांच्या मालमत्तेवर कर बसवणारा कायदा आला. १९५६ चा कंपनी कायदा साडेसहाशेहून अधिक कलमांचा होता आणि तो संसदेतून पार करून घेणे म्हणजे धीराची कसोटीच होती.

त्यांच्या दोन निर्णयांची सावली मात्र आजच्या घराघरांवर आहे. खेड्यातल्या शेतकऱ्याला कर्ज कोण देतो, याची देशव्यापी पाहणी रिझर्व्ह बँकेने ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून करून घेतली होती. तिचे उत्तर उघड होते. कर्ज देतो तो सावकार, बँक तेथे पोचतच नाही. समितीच्या शिफारशीनुसार इंपीरियल बँक सरकारच्या ताब्यात आली आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया जन्मली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर कायद्यानेच घालण्यात आले. तालुक्याच्या गावी उभी राहिलेली स्टेट बँकेची पाटी ही त्या बंधनाची खूण होय.

दुसरा निर्णय आयुर्विम्याचा. विमा कंपन्यांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढत होत्या आणि विमेदारांचे पैसे मालकांच्या इतर धंद्यांत वळवले जात होते. राष्ट्रीयीकरणाची बातमी आधी फुटली असती तर कंपन्यांच्या तिजोऱ्या रातोरात रिकाम्या झाल्या असत्या. त्यामुळे सारी तयारी अतिशय गुप्तपणे झाली. १९ जानेवारी १९५६ रोजी अध्यादेश निघाला आणि चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून देशाला निर्णय सांगितला. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था, अशा एकूण २४५ विमा संस्था सरकारी व्यवस्थापनाखाली आल्या. त्यांतून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. तोपर्यंत चिंतामणराव मंत्री राहिले नव्हते.

१९ जानेवारी १९५६ या तारखेपाशी थोडे थांबायला हवे. तीनच दिवसांपूर्वी, १६ जानेवारीला, नेहरूंनी त्याच आकाशवाणीवरून मुंबई शहर केंद्रशासित होणार असल्याचे जाहीर केले होते. मुंबईत आग भडकली होती आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारचे पोलीस गोळ्या झाडत होते. अर्थमंत्री देशाला विमा राष्ट्रीयीकरणाचे फायदे समजावून सांगत होते, त्याच आठवड्यात त्यांच्या मतदारसंघातून पोटासाठी गेलेल्या माणसांच्या वस्त्यांवर संचारबंदी होती. चिंतामणराव मनातून कुठे होते, हे त्याच महिन्यात कळले. त्यांनी पंतप्रधानांकडे राजीनामा देऊ केला.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या सप्टेंबरअखेर दिलेल्या अहवालात मुंबई राज्य द्विभाषिक ठेवून विदर्भ वेगळा काढण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात ती कोणालाच मान्य झाली नाही. शंकरराव देवांनी विदर्भासह विशाल द्विभाषिकाचा पर्याय सुचवून पाहिला, पण तोही टिकला नाही. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस कार्यकारिणीने महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशा तीन राज्यांचा तोडगा काढला. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार होऊन पंधरा माणसे मेली. जानेवारीत त्याहून भयंकर घडले. या लढ्यातील हुतात्म्यांचा आकडा शेवटी शंभराच्या पुढे गेला.

या काळात महाराष्ट्रातल्या काँग्रेसजनांपुढे निष्ठेचा सवाल होता. यशवंतराव चव्हाणांनी फलटणला आपल्याला महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे वाटतात, असे जाहीर केले आणि त्याची किंमत म्हणून लोकांचे शिव्याशाप झेलले. काकासाहेब गाडगीळांनी लोकसभेत मुंबईचा निकाल मुंबईच्या रस्त्यांवर लागेल, असा इशारा दिला. चिंतामणरावांनी यांपैकी काहीही केले नाही. ते ना सभेत बोलले, ना मोर्चात गेले. नेहरूंच्या आग्रहाखातर त्यांनी राजीनाम्याचा हट्ट सोडला, फेब्रुवारीअखेर अर्थसंकल्प मांडला, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या पैशांची जुळवाजुळव केली. बाहेर त्यांच्यावर टीका होत होती. खुर्ची सुटत नाही, असेही कोणी म्हणाले असेल. पेण-रोह्यात ज्यांनी चार वर्षांपूर्वी मत दिले होते, त्यांना आपला खासदार दिल्लीत गप्प का, हे कळत नव्हते.

ही शांतता समजून घ्यायची तर चिंतामणरावांचा मूळ पिंड ध्यानात घ्यावा लागतो. तीस वर्षे सरकारी नोकरीत काढलेला माणूस आदेशाइतकाच आदेशाच्या पद्धतीला मान देतो. निर्णय कटू असला तरी तो योग्य मार्गाने झाला असेल, तर तो स्वीकारावा, आणि योग्य मार्ग सोडून झाला असेल, तर गोड निर्णयही नाकारावा, अशी त्यांची धारणा दिसते. मुंबई महाराष्ट्रात असावी, हे त्यांचे मत होतेच. तथापि एवढ्या मताच्या बळावर मंत्रिपद सोडण्याआधी सरकार आपली चूक दुरुस्त करील, याची त्यांनी वाट पाहिली. ही वाट त्यांनी जास्त दिवस पाहिली, असे कोणी म्हटले तर ते खोडणे अवघड आहे. जानेवारीतच ते बाहेर पडते, तर मुंबईतल्या दुखावलेल्या माणसांना दिल्लीत आपले कोणीतरी आहे, हा दिलासा त्या काळ्या आठवड्यातच मिळाला असता.

जून १९५६ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन मुंबईतच भरले. तेथे नेहरूंनी मुंबई पाच वर्षे केंद्रशासित राहील आणि त्यानंतर तिचा निकाल होईल, असे जाहीर केले. चिंतामणरावांच्या लेखी ही मर्यादा होती. पक्षाच्या व्यासपीठावरून एवढा मोठा निर्णय सांगितला जातो आणि मंत्रिमंडळाला तो वर्तमानपत्रातून कळतो, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. जुलैमध्ये त्यांनी पुन्हा राजीनामा दिला आणि या वेळी तो मागे घेतला नाही.

२५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत त्यांनी आपले निवेदन केले. त्यात भावनेचा भडका नव्हता, पण प्रत्येक वाक्याला धार होती. मुंबईसंबंधीचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न आणता मोजक्या लोकांनी घेतला, हा त्यांचा पहिला आरोप. मुंबईतील गोळीबारांची न्यायालयीन चौकशी व्हायला हवी होती आणि ती नाकारली गेली, हा दुसरा. तिसरा सर्वांत बोचणारा होता. सरकारच्या या वागण्यामागे महाराष्ट्राविषयीचा आकस आहे, असे त्यांनी सांगितले. नेहरू व्यथित झाले. मंत्रिमंडळाने नेमलेल्या समितीला अधिकार होते, त्यामुळे कार्यपद्धतीचा भंग झालेला नाही, असा त्यांनी प्रतिवाद केला. दोघांचे म्हणणे कायद्याच्या तराजूत घातले तर निकाल कदाचित नेहरूंच्या बाजूनेही लागेल. संसदीय राज्यपद्धतीत मंत्री सामुदायिक जबाबदारीने बांधलेले असतात. ज्या निर्णयात आपला विचार घेतलाच गेला नाही, त्याची जबाबदारी का उचलावी, हा चिंतामणरावांचा प्रश्न मात्र कायद्याच्या पलीकडचा होता आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

महाराष्ट्राने त्या निवेदनातला एकच शब्द उचलला, आकस. मंत्रिमंडळाच्या कार्यपद्धतीचा मुद्दा सभांमधून हरवून गेला आणि चौकशीची मागणी मागे पडली. चिंतामणराव रातोरात वीरपुरुष झाले. ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्या दिवाणखान्यांत त्यांची तसबीर लागली. स्वतः चिंतामणरावांनी या लाटेवर स्वार होण्याचा प्रयत्न केला नाही, समितीचे नेतृत्व घेतले नाही, की १९५७ च्या निवडणुकीत उभे राहिले नाहीत. राजीनाम्यानंतर काही आठवड्यांतच मुंबईच्या केंद्रशासित दर्जाची कल्पना बासनात गेली आणि संसदेने विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्विभाषिक मुंबई राज्य मंजूर केले. पंतप्रधानांना मन वळवावे लागले, त्यात एका अर्थमंत्र्याच्या जाण्याचा हिस्सा किती, हे मोजता येत नाही. द्विभाषिकही फार टिकले नाही. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली आणि कुलाब्याची जागाही काँग्रेसच्या हातून निसटली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, तेव्हा त्या राज्याची सूत्रे नेहरूंना मोठे मानणाऱ्या यशवंतरावांकडे गेली. चिंतामणराव तेव्हा दिल्लीत विद्यापीठांच्या अनुदानाचे हिशेब पाहत होते.

मंत्रिपद सोडल्यावर त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९६१ पर्यंत ते सांभाळले. पुढे १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्षपद तर १९४५ पासून त्यांच्याकडेच होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. या साऱ्या कामात त्यांना साथ होती ती दुर्गाबाईंची. संविधान सभेच्या सदस्य, आंध्र महिला सभेच्या संस्थापक आणि नियोजन आयोगाच्या सदस्य असलेल्या दुर्गाबाईंशी त्यांनी २२ जानेवारी १९५३ रोजी नोंदणी पद्धतीने विवाह केला होता. त्या विवाहाचे एक साक्षीदार होते जवाहरलाल नेहरू. साडेतीन वर्षांनी त्याच नेहरूंसमोर उभे राहून चिंतामणरावांना ते निवेदन वाचावे लागले. त्या निवेदनाची किंमत पदापुरती नव्हती, ती येथे कळते.

राजकारण सोडले तरी राजकारणाला अप्रिय वाटणारे बोलणे त्यांनी सोडले नाही. त्यांच्या जागी आलेले टी. टी. कृष्णम्माचारी १९५८ मध्ये मुंधडा प्रकरणात गेले. ज्या आयुर्विमा महामंडळाची घडी चिंतामणरावांनी बसवली, त्याच महामंडळाचा सव्वा कोटी रुपयांच्या घरातला पैसा एका उद्योगपतीचे बुडते शेअर घेण्यात गुंतवला गेला होता. विमेदारांचा पैसा खासगी मालकांच्या हातून सोडवला, तो सरकारी मर्जीच्या हातात पडला. १९५९ मध्ये चिंतामणरावांनी उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करण्यासाठी कायमस्वरूपी, निःपक्षपाती न्यायाधिकरण नेमावे, अशी जाहीर मागणी केली. असे न्यायाधिकरण नेमल्यास आपण स्वतः अर्धा डझन प्रकरणे त्यापुढे ठेवू, असेही सांगितले. नेहरूंनी प्रकरणे आधी कळवण्यास सांगितले. न्यायाधिकरण आधी, मगच प्रकरणे, यावर चिंतामणराव अडून राहिले आणि मागणी फेटाळली गेली. येथेही मुद्दा पुन्हा पद्धतीचाच होता. महाराष्ट्रात लोकायुक्तांचा कायदा १९७१ मध्ये झाला. केंद्रात लोकपालाचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडले.

१९६९ मध्ये झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लागली. काँग्रेस आतून फुटत होती. पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी आणि इंदिरा गांधींची सहानुभूती असलेले व्ही. व्ही. गिरी अशी झुंज जुंपली. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्र्याहत्तर वर्षांच्या चिंतामणरावांना उभे केले. यात गंमत अशी, की स्वतंत्र पक्षाचा जन्मच सरकारी नियंत्रणे आणि राष्ट्रीयीकरणे यांच्या विरोधातून झाला होता आणि त्याचा उमेदवार होता स्टेट बँक आणि विमा महामंडळ यांचा जनक. त्यातच १९ जुलैला सरकारने १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण करून टाकले. गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ इतकी पहिल्या पसंतीची मते पडली. कोणालाच बहुमत नव्हते. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी निसटत्या फरकाने निवडून आले. हरणार हे ठाऊक असताना चिंतामणराव उभे का राहिले, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांना तेव्हाही पडला होता. राष्ट्रपती पक्षातीत असावा, हे मत मांडण्यासाठी ती उमेदवारी असेल, तर ज्या पक्षांनी ती दिली त्यांचा हेतू तेवढा निर्मळ नव्हता, असेच म्हणावे लागते.

संस्कृत त्यांना अखेरपर्यंत पुरले. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठी अनुवाद केला होता आणि गांधीजींची शंभर वचने संस्कृत श्लोकांत बांधली होती. वार्धक्यात अमरकोश त्यांच्या हाताशी असे. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आले. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. रोह्याच्या महाविद्यालयाला आणि ठाणे महापालिकेच्या स्पर्धा परीक्षा केंद्राला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. रिझर्व्ह बँकही त्यांच्या नावे व्याख्यानमाला चालवते.

दुर्गाबाई ९ मे १९८१ रोजी गेल्या. चिंतामणरावांचे निधन २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला झाले. रायगडाच्या पायथ्याकडच्या गावात जन्मलेल्या या माणसाच्या मतदारसंघाच्या जिल्ह्याला, कुलाब्याला, रायगड हे नाव मिळून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.